दोन खांब आणि पाव लाटेचा उशीर

जमिनीत सरळ उभा केलेला धातूचा खांब ही रेडिओची सर्वांत साधी अँटेना. खांबाची उंची तरंगलांबीच्या पावपट असावी, बुंध्याशी जमिनीत तारांचे जाळे पुरलेले असावे, की काम झाले. असा खांब चारी दिशांना सारख्याच लाटा पाठवतो आणि चारी दिशांचे सारखेच ऐकतो. पुष्कळदा हाच त्याचा दोष ठरतो. पूर्वेकडच्या क्षीण स्थानकाशी बोलायचे असते, आणि पश्चिमेकडचे दणदणीत स्थानक सगळे बुडवून टाकते.

दूरदर्शनची छपरावरची जुनी अँटेना आपण हाताने फिरवत असू. पण हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांना सगळे हॅम म्हणतात ते, 7 मेगाहर्ट्झवर बोलतात तेव्हा तरंगलांबी असते सुमारे 42 मीटर. त्या मापाची आडवी अँटेना उंच मनोऱ्यावर चढवून फिरवणे ही पैशाची आणि जागेची मोठी गोष्ट आहे. मग दुसरा उपाय असा, की खांब दोन रोवायचे, ते जागचे हलवायचे नाहीत, आणि एकातला प्रवाह दुसऱ्यापेक्षा किंचित उशिरा सुरू करायचा. अँटेना न फिरता तिचे तोंड फिरते.

हे कसे होते ते आधी पाहू. दोन खांब पूर्व-पश्चिम ओळीत आहेत. पश्चिमेचा 'अ', पूर्वेचा 'ब', आणि मधले अंतर पाव तरंगलांबी. 'ब'मधला प्रवाह 'अ'पेक्षा पाव आवर्तन उशिरा चालतो असे समजा. 'अ'कडून निघालेली लाट 'ब'पर्यंत यायला बरोबर पाव आवर्तन लागते. ती पोचते त्याच क्षणी 'ब'ची लाट निघते. दोघी जोडीने पूर्वेकडे जातात आणि दुप्पट होतात. आता उलट बाजू. 'ब'ची लाट आधीच पाव आवर्तन उशिरा निघालेली, त्यात 'अ'पर्यंत यायला आणखी पाव. म्हणजे ती अर्धे आवर्तन मागे पडली. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर बसतो आणि पश्चिमेला काहीच जात नाही. लाट आवर्तनात कुठवर पोचली आहे हे सांगणाऱ्या मापाला कला म्हणतात. पूर्ण आवर्तन 360 अंशांचे, म्हणून पाव आवर्तनाचा उशीर म्हणजे 90 अंशांचे कलांतर.

याच्या जवळचा एक प्रयोग वर्गात करता येतो. एकाच ध्वनिवर्धकाला दोन सारखे स्पीकर जोडा आणि 340 हर्ट्झचा एकसुरी आवाज सोडा. हवेत त्याची तरंगलांबी सुमारे एक मीटर असते. स्पीकर अर्ध्या मीटरवर शेजारी ठेवा आणि मुलांना सभोवती फिरवा. खोलीत भिंतींचे प्रतिध्वनी घोटाळा करतात, त्यामुळे हे मैदानावरच करावे. दोन स्पीकर जोडणाऱ्या रेषेवर आवाज क्षीण आणि तिच्या काटकोनात मोठा लागेल. आता एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा. जिथे आवाज मोठा होता तिथे क्षीण होईल, आणि क्षीण होता तिथे मोठा.

ही कल्पना रेडिओइतकीच जुनी आहे. हर्ट्झने लाटा दाखवल्यावर दहा-बारा वर्षांतच, 1899 मध्ये, इंग्लंडमधील एस. जी. ब्राउन यांनी अर्ध्या तरंगलांबीवरचे दोन उभे खांब विरुद्ध कलेत चालवण्याचे पेटंट घेतले. पण प्रत्यक्ष मैदानावर उशीर घडवून दाखवला तो फर्डिनांड ब्राउन यांनी. या ब्राउनना आपण कॅथोड किरण नलिकेमुळे ओळखतो. 1905 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे (ते तेव्हा जर्मनीत होते) त्यांनी समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन अँटेना उभ्या केल्या आणि त्यांच्यात पाव आवर्तनाचे कलांतर ठेवले. एका बाजूला जोरदार, विरुद्ध बाजूला क्षीण असे प्रक्षेपण मिळाले. कोणत्या खांबाने वेगळे चालायचे ते बदलले की दिशा त्रिकोणाच्या पुढच्या कोपऱ्याकडे सरके.

त्या काळी लाटा ठिणगीने निर्माण होत. ठिणगी मनाला येईल तेव्हा उडते आणि तिची लाट क्षणात विरते. अशा दोन ठिणग्यांमध्ये आवर्तनाच्या पाव भागाचे अंतर राखायचे म्हणजे काय दिव्य असेल! ती अडचण ब्राउन यांच्याच प्रयोगशाळेतील मांडेलश्टाम व पापालेक्सी या दोन तरुण रशियन भौतिकशास्त्रज्ञांनी सोडवली. 1909 चे नोबेल पारितोषिक ब्राउन यांना मार्कोनींबरोबर विभागून मिळाले, आणि आपल्या नोबेल व्याख्यानात त्यांनी या दिशादर्शी प्रयोगांचे वर्णन केले.

पुढचा मोठा टप्पा आपल्या अगदी शेजारचा आहे. ब्रिटिश साम्राज्याचे देश रेडिओने जोडण्यासाठी मार्कोनी कंपनीने लघुलहरींची 'बीम' स्थानके उभारली. भारताशी ही सेवा सप्टेंबर 1927 मध्ये सुरू झाली. भारताचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्राही केंद्र दौंडला. इंग्रजी कागदपत्रांत ही गावे किर्की आणि धोंड अशा रूपात भेटतात. तिकडे इंग्लंडमध्ये प्रक्षेपण ग्रिम्सबीजवळून होई आणि ऐकणे स्केग्नेसजवळ. या अँटेना चार्ल्स फ्रँकलिन यांच्या आराखड्याच्या होत्या. उंच मनोऱ्यांच्या ओळीवर उभ्या तारांचा पडदा टांगलेला आणि त्यामागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा. पुढच्या सर्व तारा एकाच कलेत चालत, म्हणून लाट पडद्याच्या काटकोनात एकवटून निघे.

सगळ्या तारा एकाच कलेत कशा चालवायच्या? फ्रँकलिन यांनी एकात एक बसवलेल्या तांब्याच्या नळ्यांतून ऊर्जा नेली आणि या नळ्यांना झाडासारख्या फांद्या अशा फोडल्या, की प्रक्षेपकापासून कोणत्याही तारेपर्यंतचा रस्ता सारख्याच लांबीचा व्हावा. सारखा रस्ता, सारखी वेळ. दिवसा सुमारे 16 मीटरची आणि रात्री सुमारे 34 मीटरची तरंगलांबी वापरीत आणि प्रत्येकीसाठी पडदा वेगळा. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, ती पुढे लागणार आहे.

अमेरिकेत हेच शास्त्र भांडणातून वाढले. फ्लोरिडातील क्लिअरवॉटर आणि उत्तरेतील मिलवॉकी येथील नभोवाणी केंद्रे एकाच 620 किलोहर्ट्झवर होती आणि रात्री एकमेकांना छळत. 1932 मध्ये रेमंड विल्मॉट यांनी क्लिअरवॉटरला दोन मनोरे असे चालवले, की मिलवॉकीच्या दिशेला फारसे काही जाऊ नये. त्याच वर्षी पी. एस. कार्टर यांनी शेजारशेजारच्या अँटेना एकमेकींवर काय परिणाम करतात त्याचे गणित प्रसिद्ध केले. 1937 मध्ये आर.सी.ए. कंपनीच्या जॉर्ज एच. ब्राउन यांचा दिशादर्शी अँटेनांवरचा मोठा निबंध आला. (या कथेत ब्राउन तिघे आहेत. त्यांचे एकमेकांशी नाते नाही.) याच ब्राउननी त्याच वर्षी सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की खांबाखाली तारा कमी पुरल्या तर बरीच ऊर्जा मातीच तापवते. मध्यम लहरींच्या मनोऱ्यांखाली 120 तारा पुरण्याची प्रथा तिथून रुजली.

ब्राउन यांचा निबंध वाचून जॉन क्रॉस या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला एक कल्पना सुचली. त्याने दोन आडव्या तारा अगदी जवळ ठेवून विरुद्ध कलेत चालवल्या. ती अँटेना आजही हॅम मंडळींत त्याच्या स्थानकाच्या नावाने, डब्ल्यू-8-जे-के म्हणून ओळखली जाते. क्रॉस पुढे नामवंत रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ झाले.

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. मग दुसऱ्या महायुद्धानंतर समाक्ष केबल, म्हणजे मध्ये तार व भोवती जाळी असलेली केबल, हौशी माणसाला सहज परवडू लागली. 1965 मध्ये डेना अॅचली यांनी 'क्यू.एस.टी.' या अमेरिकी हॅम मासिकात 80 मीटर पट्ट्यासाठी चार उभ्या अँटेनांची, दिशा बदलता येणारी रचना वर्णन केली. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार खांब, बाजू पाव तरंगलांबीची, आणि रिले बदलून लाट कर्णाच्या कोणत्याही टोकाकडे वळवायची. अशा रचनेला पुढे 'फोर-स्क्वेअर' हे नाव पडले. घरोघरी दोन खांब, तीन खांब, चार खांब उभे राहू लागले, आणि त्यांच्याबरोबर एक सोपा नियमही पसरला: 90 अंशांचा उशीर हवा असेल, तर त्या खांबाच्या केबलची लांबी पाव लाटेने वाढवा.

नियम ऐकायला इतका सरळ आहे, की त्यावर शंका घ्यावी असे वाटत नाही. लाटेला केबलमधून जायला वेळ लागतो हे खरेच आहे. आम्हीही महाविद्यालयात असताना एका मित्राच्या गावी, घरामागच्या पडीक रानात, 7 मेगाहर्ट्झसाठी असे दोन खांब उभारले होते. फीत धरून केबल मापली, कापली, जोडली. मागच्या बाजूची स्थानके क्षीण झाली. ग्राहीच्या मापकाचा काटा दीड घर खाली आला तेव्हा आम्ही पेढे वाटले. काटा शून्यावर का गेला नाही, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

का गेला नाही ते आता पाहू. केबलच्या दुसऱ्या टोकाला नेमका तिच्या जातीचा रोध असेल, म्हणजे 50 ओहमच्या केबलला 50 ओहम, तरच केबलची लांबी आणि प्रवाहाचा उशीर यांचा मेळ बसतो. नाहीतर टोकावरून लाट परत फिरते, जाणारी आणि येणारी लाट मिसळते आणि मेळ मोडतो. खांबाचा रोध किती? एकट्या खांबाचा सुमारे 36 ओहम. पण इथे खांब एकटा नाही. शेजारच्या खांबाची लाट त्याच्यात प्रवाह निर्माण करते आणि त्याचा रोध बदलते. पाव तरंगलांबीवर उभ्या असलेल्या, 90 अंशांनी चालणाऱ्या, सारख्या प्रवाहाच्या दोन खांबांचे रोध काढले, तर पुढच्याचा सुमारे 51 ओहम आणि मागच्याचा सुमारे 21 ओहम येतो. शिवाय दोहोंत प्रेरकता-धारकतेचा भाग उरतो तो वेगळाच. खांब तंतोतंत जुळे असले तरी ते सारखे वागत नाहीत.

चार खांबांच्या रचनेत तर गंमतच होते. जमिनीतील हानी सोडून हिशेब केला तर सर्वांत मागच्या खांबाचा रोध जवळपास शून्य येतो, कधी कधी शून्याच्याही खाली. याचा अर्थ, त्या खांबाला केबलमधून काही घ्यावेच लागत नाही. त्याला लागणारी ऊर्जा शेजारी हवेतून पुरवतात, आणि उरली तर ती तो केबलमध्ये परत ढकलतो!

आमच्या त्या दोन खांबांचा हिशेब मी पुढे बऱ्याच वर्षांनी कागदावर मांडला. सोपेपणासाठी असे धरले, की 'अ' थेट जोडला आहे आणि 'ब' पाव लाटेच्या 50 ओहम केबलमधून. अपेक्षा होती सारख्या प्रवाहाची आणि 90 अंशांच्या उशिराची. उत्तर आले असे: 'ब'मधला प्रवाह 'अ'च्या 0.54 पट आणि उशीर 108 अंश. पश्चिमेकडचे क्षेत्र शून्य होण्याऐवजी पूर्वेच्या एक तृतीयांश राहते, म्हणजे साधारण साडेनऊ डेसिबलचा फरक. मापकाचे एक घर सहा डेसिबलचे. आमचे दीड घर बरोबर जुळले.

मग हा नियम इतकी वर्षे टिकला कसा? मला यातला हाच भाग सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. हौशी मंडळी अडाणी नव्हती. त्यांच्यात कितीतरी अभियंते होते, आणि कार्टर-ब्राउन यांचे गणित तीस वर्षे छापलेले होते. एक कारण असे, की नियम काही ठिकाणी खराच होता. दोन खांब एकाच कलेत चालवले तर दोघांची परिस्थिती अगदी सारखी असते. रोध बदलतात, पण दोन्ही सारखेच बदलतात, म्हणून सारख्या केबली सारखाच प्रवाह देतात. फ्रँकलिन यांच्या समान रस्त्यांमागे हीच सममिती होती. खांब नेमक्या विरुद्ध कलेत असले तरी सममिती टिकते, आणि अर्ध्या लाटेची जादा केबल अचूक 180 अंश देते. 0 आणि 180 ला ज्याची प्रचिती आली, तो नियम 90 ला मोडेल असे कोणाच्या मनात यावे? पण 90 अंशांवर एक खांब पुढचा आणि एक मागचा होतो, आणि सममिती संपते.

दुसरे कारण मोजमापाचे. हॅमच्या हाती जे उपकरण असते ते केबलमधून किती ऊर्जा परत येते एवढेच सांगते. कला चुकली तरी तो काटा समाधानी राहू शकतो. काही जण 'हायब्रिड कपलर' वापरीत. त्यात उरलेली ऊर्जा एका रोधात जिरवली जाते, त्यामुळे काटा कायमच छान दिसे. नभोवाणीच्या अभियंत्यांची ही चूक होत नसे, कारण ते प्रत्येक मनोऱ्यातला प्रवाह आणि त्याची कला प्रत्यक्ष मोजत. मिलवॉकीवाल्यांसारखा तक्रारदार शेजारी त्यांच्या उरावर असे. हॅमला असा शेजारी नसतो. त्याला आधीपेक्षा बरे ऐकू येते आणि तो खूश होतो.

रॉय लेवॅलन यांनी 1979 मध्ये क्यू.एस.टी.च्या पत्रव्यवहारात या नियमातली चूक स्पष्ट मांडली. 1983 पासून फॉरेस्ट गेर्की यांनी 'हॅम रेडिओ' मासिकात लेखमालाच लिहिली आणि आधी प्रत्येक खांबाचा रोध मोजा, परस्परपरिणाम काढा, मग जोडणी ठरवा असा शिस्तीचा मार्ग घालून दिला. अल क्रिस्टमन यांनी 1985 मध्ये वेगळी युक्ती सुचवली: दोन्ही केबलींवर जिथे विद्युतदाब आपोआप जुळतो ते बिंदू हिशेबाने शोधायचे आणि तिथेच त्या एकमेकींना जोडायच्या.

लेवॅलन यांच्या उपायात पाव लाटेच्या केबलचा एक जुना गुण कामी येतो. अशा केबलच्या एका टोकाला ठरावीक दाब दिला, तर दुसऱ्या टोकाचा प्रवाह त्या दाबावर आणि केबलच्या जातीवरच ठरतो. तिथे 21 ओहम आहेत की 51, याची त्याला पर्वा नसते. म्हणून दोन्ही खांबांना पाव लाटेच्या सारख्या केबली लावायच्या आणि 90 अंशांचा फरक केबलीच्या अलीकडे, एका वेटोळ्याने व एका धारित्राने घडवायचा. तिथला दाब हवा तसा झाला, की खांबातले प्रवाह मुकाट्याने त्यामागे येतात.

इथे एक विनोदी अडचण येते. साध्या पॉलिथिनच्या केबलमध्ये लाटेचा वेग प्रकाशाच्या 0.66 पट असतो. 7.05 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी 10.6 मीटर, पण पाव लाटेची केबल फक्त 7 मीटरची. दोन खांबांना अडचण नाही, मध्यापासून प्रत्येकी 5.3 मीटर. चार खांबांच्या चौरसात मात्र मध्यापासून कोपरा 7.5 मीटरवर असतो. केबल अर्ध्या मीटरने तोकडी पडते! मग फेसाळ पॉलिथिनची केबल घ्यावी लागते, जिच्यात वेग 0.8 पटीच्या आसपास असतो, किंवा पाऊण लाटेची लांबलचक केबल वापरून उरलेली गुंडाळून ठेवावी लागते.

आता खडकीची आठवण काढू. तिथे प्रत्येक तरंगलांबीला वेगळा पडदा होता. हॅमला एवढी जागा कुठली! त्याला त्याच दोन खांबांवर तीन-चार पट्टे हवे असतात. एकच खांब अनेक पट्ट्यांवर चालावा म्हणून त्यात वेटोळे व धारित्र यांचे 'ट्रॅप' बसवतात. एच. के. मॉर्गन यांनी ही कल्पना 1940 मध्ये मांडली आणि 1955 मध्ये चेस्टर ब्युकॅनन यांच्या लेखाने ती हॅम मंडळींत रूढ झाली. ट्रॅप आपल्या वारंवारतेला वरचा भाग तोडून टाकतो, आणि तिच्याखाली नुसते वेटोळे बनून खांब लांब असल्याचे सोंग आणतो. पण अशा खांबाचा रोध वारंवारतेबरोबर भराभर बदलतो, आणि दोन ट्रॅप किंचित वेगळे बनले तरी दोन खांबांची चाल वेगळी होते.

ट्रॅपने खांब जमवला, तरी खांबांमधले अंतर आणि केबली तशाच राहतात. 7 मेगाहर्ट्झचे पाव लाटेचे अंतर 3.5 वर एक अष्टमांश होते. तिथे मागची बाजू शून्य करायला 90 नव्हे, 135 अंशांचा उशीर लागतो. शिवाय केबलही अष्टमांश लाटेची उरते आणि प्रवाह पकडून ठेवण्याचा तिचा गुण जातो. तो परत आणायला तेवढीच आणखी केबल रिलेने जोडावी लागते. 14 वर अंतर अर्ध्या लाटेचे. तिथे खांब एका कलेत चालवले तर लाट उत्तर-दक्षिणेला जाते, विरुद्ध कलेत चालवले तर पूर्व-पश्चिमेला. दोन्हीकडे सममिती असल्यामुळे जुना केबलीचा नियम तिथे पुन्हा खरा ठरतो. 21 वर केबल पाऊण लाटेची होते आणि तिचा गुण शाबूत राहतो, पण अंतरही पाऊण लाटेचे झाल्याने प्रक्षेपणाला नको त्या दिशांना पाकळ्या फुटतात.

ही सगळी आकडेमोड एके काळी रात्री जागवणारी होती. लेवॅलन यांनी स्वतः लिहिलेली 'ईझेडनेक' ही संगणक-प्रणाली 2022 पासून मोफत मिळते, आणि 2019 च्या सुमारास आलेल्या 'नॅनो-व्हीएनए' या खिशात मावणाऱ्या उपकरणाने खांबाचा रोध मिनिटभरात मोजता येतो. महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते जरूर असावे.

मित्राच्या रानात ते दोन खांब अजून उभे आहेत, खाली पुरलेल्या तारा तेवढ्या आम्ही सोळाच्या बत्तीस केल्या. 7 मेगाहर्ट्झवर आता प्रत्येक खांबाच्या बुंध्याशी फेराइटचे कडे आहे. त्यातून प्रवाहाचा नमुना सारख्याच लांबीच्या दोन तारांनी दोलनदर्शकावर येतो आणि 90 अंश डोळ्यांनी दिसतात. 14 वर दोन दिशा मिळतात. 3.5 साठी लागणारी रिलेची पेटी अर्धवट जोडून कपाटावर पडली आहे. त्या पट्ट्यावर आम्ही अजून एकच खांब जोडतो आणि चारी दिशांचे ऐकतो.